डब्लिन कॅसल पोखरणारा कारकून

एप्रिल १९१९ मधील एका रात्री डब्लिन पोलिसांच्या ‘जी’ विभागाच्या दप्तरखान्यात एक तरुण पहाटेपर्यंत फायली चाळत बसला होता. त्याला गुपचूप आत घेणारा नेड ब्रॉय हा त्याच विभागातील पोलीस. आयरिश बंडखोरांविषयी सरकारला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे त्या एका रात्रीत मायकेल कॉलिन्सला उमगले. दप्तरात त्याची स्वतःचीही फाईल होती.

कॉर्क परगण्यातील शेतकरी कुटुंबात १८९० मध्ये जन्मलेला कॉलिन्स पंधराव्या वर्षी लंडनला गेला आणि टपाल खात्याच्या बचत बँकेत कारकुनी करू लागला. १९१६ च्या ईस्टर उठावानंतर त्याची रवानगी वेल्समधील फ्रॉन्गोकच्या बंदिछावणीत झाली.

आयर्लंडमधील पूर्वीची अनेक बंडे फितुरीने बुडाली होती. १९१९ मध्ये गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख झाल्यावर कॉलिन्सने हाच डाव ब्रिटिशांवर उलटवला. क्रो स्ट्रीटवरील साध्याशा कचेरीत त्याचे सहकारी वर्तमानपत्रांची कात्रणे, पळवलेले टपाल, अधिकाऱ्यांचे पत्ते यांची टाचणे ठेवीत. कॅसलमध्ये टंकलेखन करणारी लिली मर्निन लष्करी कागदांतील मजकूर त्याला पोहोचवी. त्याची नातलग नॅन्सी ओब्रायन हिच्याकडे तर सरकारनेच गुप्त संदेशांचे काम सोपवले होते! कॉलिन्स मात्र शहरभर सायकलने उजळ माथ्याने हिंडत असे. पोलिसांकडे त्याचे धड छायाचित्रही नव्हते.

या माहितीची अखेर पुष्कळदा पिस्तुलाच्या गोळीत होई, हे विसरता येत नाही. २१ नोव्हेंबर १९२० च्या सकाळी त्याच्या माणसांनी डझनाहून अधिक जणांना ठार केले. त्यांतील काहींचा हेरगिरीशी संबंध नसावा, असे अभ्यासक मानतात. दुपारी ब्रिटिश दलांनी क्रोक पार्कच्या मैदानावर गोळीबार केला आणि चौदा जणांचा बळी गेला.

जुलै १९२१ मध्ये युद्धविराम झाला. डिसेंबरात लंडनला झालेल्या करारावर कॉलिन्सने सही केली. त्या कराराने देश दुभंगला, कालचे सोबती वैरी झाले. २२ ऑगस्ट १९२२ रोजी कॉर्कमध्येच, बील ना ब्लॉ येथे दबा धरून बसलेल्या आयरिश बंदूकधाऱ्यांच्या गोळीने तो पडला. वय अवघे एकतीस. दप्तरखान्याचे दार उघडणारा ब्रॉय १९३३ मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या पोलीस दलाचा प्रमुख झाला.