लॉर्ड रॅले आणि आवाजाची दिशा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरच्या रानात पाचोळा वाजताच चितळ कान टवकारते. आवाज कोणीकडून आला हे त्यास न कळले, तर प्राणाशीच गाठ! हे ज्ञान कानांस कसे होते, याचा पाया ज्यांनी घातला त्या लॉर्ड रॅले यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहो.

जॉन विल्यम स्ट्रट यांचा जन्म इंग्लंडातील एसेक्स परगण्यात १२ नोव्हेंबर १८४२ रोजी झाला. प्रकृती नाजूक असल्याने त्यांच्या शिक्षणात वारंवार खंड पडे. तरी १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले. पुढे दुखण्यातून उठल्यावर हवापालटासाठी ते ईजिप्तला गेले, तेव्हा नाईल नदीवर नावेत बसून त्यांनी ध्वनिशास्त्रावरील आपला थोर ग्रंथ लिहावयास घेतला. १८७३ साली वडिलांच्या पश्चात ते लॉर्ड रॅले झाले. आर्गॉन वायूचा शोध व वायूंच्या घनतेचे संशोधन यांबद्दल त्यांस १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या बागेत ते डोळे मिटून उभे राहात व इतर मंडळी सभोवार उभी राहून बोलत. बोलणारा कोठे आहे हे ते बरोबर ओळखीत. नादकाट्याचा शुद्ध स्वर डावीकडचा की उजवीकडचा हेही कळे. मात्र तो समोरचा की पाठीमागचा हे सांगता येईना. ज्या कानास आवाज मोठा, त्या बाजूस तो, अशी प्रथम त्यांची समजूत होती. परंतु खालचे स्वर डोक्यास वळसा घालून दोन्ही कानांत जवळजवळ सारखेच पोहोचतात. तरी त्यांची दिशा कळतेच! हे कोडे त्यांनी तीस वर्षे मनातून जाऊ दिले नाही. अखेर १९०७ साली, पासष्टीच्या उंबरठ्यावर, आपले जुने मत त्यांनी स्वतःच सुधारले. उंच स्वरांत डोक्याची जणू सावली पडून पलीकडच्या कानास आवाज कमी पोहोचतो. खालच्या स्वरांत मात्र दोन कानांतील लहरींच्या पुढेमागे असण्यावरून दिशा कळते, असे त्यांनी दाखविले.

मनुष्याच्या दोन कानांतील हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. ३० जून १९१९ रोजी रॅले निवर्तले. त्यानंतरच्या संशोधकांस सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या देठात दोन्ही कानांचे निरोप एकत्र येणारे पेशींचे पुंज आढळले. एक वेळेतील फरक पाहतो, दुसरा आवाजाच्या जोरातील. डाव्या व उजव्या बाजूंचे पुंज कमीअधिक जागे होतात, आणि मेंदू तराजूच्या पारड्यांप्रमाणे त्यांची तुलना करून दिशा ठरवितो, असे आज पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

नोबेल मिळालेल्या पुरुषासही प्रयोगापुढे स्वमताचा अभिमान सोडावा लागतो. रॅले यांनी तो आनंदाने सोडला, हाच आमच्या मते त्यांचा खरा मोठेपणा होय.