मौलाना आझाद : युद्धाच्या दिवसांतली लेखणी

दरवर्षी ११ नोव्हेंबरला शाळांमध्ये राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा होतो. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या फोटोला हार घातला जातो, मुलं त्यांच्यावर भाषणं करतात. देशाचे पहिले शिक्षणमंत्री एवढी ओळख सगळ्यांना असते. पण मंत्री होण्याच्या पस्तीस वर्षं आधी मौलाना पत्रकार होते, आणि तेही युद्धाच्या दिवसांतले. आज जगात कुठेही युद्ध पेटलं की खऱ्या-खोट्या बातम्या सगळ्यात आधी आपल्या घरातल्या मोबाइलवर येऊन पडतात. म्हणून मौलानांच्या आयुष्याचा हा भाग आपल्या मुलांना सांगायला हवा असं आम्हाला वाटतं.

मौलानांचा जन्म १८८८ साली मक्का शरीफमध्ये झाला. वडील मौलाना खैरुद्दीन नावाजलेले आलिम होते. पुढे कुटुंब कलकत्त्यात स्थायिक झालं. मौलाना कुठल्या शाळेत गेले नाहीत, सगळी तालीम घरीच झाली. १३ जुलै १९१२ रोजी, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी कलकत्त्याहून 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक सुरू केलं. त्या काळी बहुतेक उर्दू पत्रं कातिबाच्या हातची, दगडी छापाची असत. 'अल-हिलाल' टाइपावर छापलं जाई आणि त्यात फोटोही असत.

काळ मोठा धामधुमीचा होता. इटलीने १९११ मध्ये त्रिपोलीवर हल्ला केला होता आणि ऑक्टोबर १९१२ मध्ये बाल्कन युद्ध सुरू झालं. तुर्कस्तानच्या बातम्या इथल्या इंग्रजी पत्रांत यायच्या त्या युरोपच्या तारांवरून, युरोपच्या नजरेतून. मौलानांना अरबी मातृभाषेसारखी येत होती. अरब जगात काय छापलं जातंय ते वाचून ते दुसरी बाजू उर्दू वाचकांसमोर ठेवू लागले. मौलानांनी स्वतः पुढे नोंदवलंय की दोन वर्षांत खप आठवड्याला २६,००० प्रतींवर गेला. उर्दू पत्रकारितेत असा आकडा तोवर कुणी पाहिला नव्हता.

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि वर्ष संपायच्या आत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने त्यात उतरलं. आता दोन्ही बाजूंना मुसलमानांची मनं हवी होती. इंग्रज सरकारने जाहीर केलं की ही लढाई धर्माची नाही आणि अरबस्तानातल्या पवित्र स्थळांना धक्का लागणार नाही. तिकडे इस्तंबूलहून जिहादचा पुकारा झाला आणि त्यामागे जर्मनीचा जोर होता. बर्लिनजवळ मुसलमान युद्धकैद्यांसाठी खास छावणी उघडली गेली. तिथे मशीद बांधून दिली, कैद्यांसाठी वर्तमानपत्रं काढली. हेतू एकच, या सैनिकांना इंग्रज-फ्रेंचांविरुद्ध फिरवायचं. दीन दोन्हीकडे तोंडावर होता, पण गरज लढाईची होती.

अशा वेळी 'अल-हिलाल'ने सरकारी सूर लावायला नकार दिला. बेल्जियममधलं अँटवर्प शहर जर्मनांच्या हाती गेल्यावर तिथे जे लेख आले, त्यावरून अलाहाबादच्या 'पायोनियर' या इंग्रजी पत्राने मौलानांवर जर्मनधार्जिणेपणाचा आरोप केला. त्याआधीच १९१० च्या प्रेस कायद्याखाली त्यांच्याकडून २,००० रुपये जामीन घेतला होता. तो जप्त झाला आणि १०,००० मागितले गेले. नोव्हेंबर १९१४ मध्ये 'अल-हिलाल' बंद पडलं. वर्षभराने काढलेलं 'अल-बलाग'ही फार दिवस टिकलं नाही. १९१६ मध्ये मौलानांना बंगालबाहेर काढलं गेलं आणि १९१९ अखेरपर्यंत ते रांचीत नजरकैदेत राहिले. तिथेही ते गप्प बसले नाहीत. त्यांनी रांचीत मदरसा उभा केला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करायला हवी. 'अल-हिलाल' काही तटस्थ पत्र नव्हतं. मौलानांची भाषा रक्त उसळवणारी होती, वाचकाला हलवण्यासाठीच ते लिहीत. फरक इतकाच की लिहिण्याची किंमत ते स्वतःच मोजत.

पण प्रामाणिक माणसाचा शब्दसुद्धा कधी कधी भलतीकडे नेतो. १९२० मध्ये, खिलाफत चळवळीच्या ऐन भरात, मौलानांनी हिजरतच्या बाजूने फतवा दिला. या आणि अशाच इतर आवाहनांवरून हजारो मुसलमान घरदार, जमिनी विकून अफगाणिस्तानकडे निघाले. एवढ्या लोकांना सामावणं अफगाण सरकारला जमेना, ऑगस्टमध्ये त्यांनी दार बंद केलं. कित्येक वाटेतच वारले. परतलेल्यांचं घर गेलं होतं, शेत गेलं होतं. त्यांच्या हालांचा हिशेब कुठल्याही गाजलेल्या भाषणात सापडत नाही.

दुसऱ्या महायुद्धात मौलाना काँग्रेसचे अध्यक्ष होते. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत गवालिया टँकवर 'भारत छोडो'चा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना पकडलं. मौलाना, नेहरू, पटेल यांना आपल्या अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. सुरुवातीला वर्तमानपत्रंसुद्धा मिळत नव्हती. ज्यांची उमर बातम्यांत गेली, त्यांना बाहेरच्या जगाची खबर नव्हती. कलकत्त्यात बेगम जुलेखा आजारी होत्या. सरकारकडे अर्ज करून भेटायला जाता आलं असतं, पण मौलानांनी काही मागितलं नाही. एप्रिल १९४३ मध्ये बेगम वारल्या. याच किल्ल्यात लिहिलेली, पण टपालात न पडलेली पत्रं पुढे 'गुबार-ए-खातिर' म्हणून छापली गेली.

मग आलं १९४७. दिल्ली जळत होती, पुराना किल्ला आणि हुमायूनच्या मकबऱ्यात निर्वासितांची गर्दी होती. अफवा घरोघर फिरत होत्या, लोक पाकिस्तानला निघाले होते. ऑक्टोबरमध्ये मौलाना जामा मशिदीत बोलायला उभे राहिले. या वेळी त्यांनी लोकांना भडकवलं नाही, चुचकारलंही नाही. आपलं न ऐकल्याबद्दल त्यांनी खडसावलं, आणि भीतीपोटी घर सोडू नका, ही जमीन तुमचीच आहे, असं समजावलं. १९२० मध्ये ज्यांच्या शब्दाने लोकांची पावलं घराबाहेर पडली होती, तेच आता लोकांना घरात थांबवत होते.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलाना गेले. त्यांची कबर जामा मशिदीजवळच आहे.

आम्ही वर्गात मुलांना सांगतो की बातमी आली की आधी तीन गोष्टी विचारा. ही कुणी लिहिली? खाली नाव आहे का? आणि ती ऐकून आपण काही केलं तर नुकसान कुणाचं होईल? घरी जेवताना आई-वडिलांनीही हे विचारावं. युद्धाच्या व्हिडिओखाली दीनचं नाव असलं म्हणून तो खरा ठरत नाही. पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबावं.