बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो (२५ मार्च, १८९९ - ६ जानेवारी, १९७८) हे न्यू झीलंडचे मोटरसायकल शर्यतपटू होते. कारखान्यातून ६०० सीसी क्षमतेचे निघालेले इंजिन स्वतःच्या शेडमध्ये ९५० सीसीपर्यंत वाढवून त्यांनी जागतिक वेगविक्रम केले.

मन्रो यांचे आयुष्य मुख्यतः देशाच्या दक्षिण टोकावरील इन्व्हरकार्गिल शहराच्या परिसरात गेले. १९२० साली त्यांनी इंडियन स्काउट ही मोटरसायकल विकत घेतली. नावामुळे गैरसमज होऊ शकतो. परंतु इंडियन ही अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील कंपनी होती, भारताशी तिचा संबंध नव्हता. मूळ स्थितीत ही गाडी ताशी सुमारे ८९ किमी वेगाने धावे.

इंजिनातील फेरफार

इंजिनाची क्षमता वाढवावयाची तर सिलिंडरचा व्यास वा पिस्टनच्या धावेची लांबी वाढवावी लागते. दोन्ही उपायांनी मूळ सुट्या भागांवरील ताण वाढतो व ते तुटू लागतात. मोटरसायकली विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या मन्रो यांच्याकडे सुसज्ज यंत्रशाळा नव्हती व पैसाही बेताचाच होता. त्यामुळे ते जुन्या डब्यांच्या साच्यांत पिस्टन ओतीत, ओतीव लोखंडाच्या गॅसनळीपासून सिलिंडर करीत आणि कॅटरपिलर ट्रॅक्टरच्या आसातून जोडदांडे हाताने कोरून काढीत. मूळ इंजिनात झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या; त्या त्यांनी माथ्यावर नेल्या. निकामी झालेले भाग त्यांनी वेगदेवतेला वाहिलेले नैवेद्य म्हणून फळीवर मांडून ठेवले होते. पुढे इंजिनातील बहुतेक सर्व भाग घरगुती झाले, तरी यंत्र १९२० सालचेच राहिले.

विक्रम

अमेरिकेतील युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या सपाट मैदानावर वेगाचे विक्रम क्षमतेनुसार ठरलेल्या गटांत नोंदवले जातात. तेथे १९६२ साली ८५० सीसी इंजिनावर त्यांनी ८८३ सीसी गटात ताशी २८८ किमीचा विक्रम केला. १९६६ साली ९२० सीसीवर १००० सीसी गटात वेग ताशी २७० किमी, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच होता. पण गट वेगळा असल्याने तोही विक्रम ठरला. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, ९५० सीसीवर त्यांनी ताशी २९५ किमीची सरासरी गाठली. या सरासरीच्या गणितातील चूक मन्रो यांच्या मुलाच्या लक्षात आल्यावर २०१४ साली अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनने नोंद सुधारून ती ताशी २९६ किमी केली.

चित्रपट

रॉजर डोनाल्डसन यांनी १९७१ साली मन्रो यांच्यावर माहितीपट केला व २००५ साली द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन हा चित्रपट काढला. अँथनी हॉपकिन्स यांनी त्यात मन्रो यांची भूमिका केली. पहिल्याच फेरीत सारे साधल्याचा चित्रपटातील आभास वस्तुस्थितीला धरून नाही; मन्रो अनेक वर्षे बॉनव्हिलला जात होते.