महात्मा फुले यांची विसाव्याची जागा

ठाण्याच्या खाडीकांठचीं मिठागरें आमच्या मानपाड्याच्या विद्यार्थ्यांस अपरिचित नाहींत. परंतु एका थोर पुरुषानें आपल्या अंत्यविधीसाठीं मिठाचीच मागणी केली होती, हें थोड्यांस ठाऊक असेल. ते पुरुष म्हणजे महात्मा जोतीराव फुले.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं पुणेंकर माळी कुटुंबांत झाला. स्कॉटिश मिशनच्या शाळेंत त्यांनीं इंग्रजी विद्या संपादन केली. १८४८ सालीं पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढिली. पत्नी सावित्रीबाई यांस घरीं शिकवून त्यांनीं शिक्षिका केलें. या कामापायीं उभयतांस पित्याचें घर सोडावें लागलें. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य बांधवांस खुला केला, व १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला. १८८८ सालीं पक्षाघातानें उजवा हात लुळा पडला, तेव्हां डाव्या हातानें त्यांनीं आपला शेवटचा ग्रंथ लिहिला.

आपला देह जाळूं नये, मिठानें झांकून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. त्यासाठीं घरामागील जागेंत त्यांनीं हयातींतच खड्डा खणवून ठेविला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजीं ते निवर्तले. परंतु लोकवस्तींत प्रेत पुरण्यास नगरपालिकेनें परवानगी दिली नाहीं. ज्या नगरपालिकेचे ते एके काळीं सभासद होते, तिचाच नियम त्यांच्या अखेरच्या इच्छेआड आला!

घरच्यांपुढें मोठा पेंच पडला. निरुपायानें दहन करण्याचें ठरलें. तोंच दत्तकपुत्र यशवंत यानें टिटवें धरण्यास भाऊबंदांनीं हरकत घेतली. तेव्हां सावित्रीबाईंनीं तें स्वतः हातीं घेतलें, व त्या अंत्ययात्रेपुढें चालूं लागल्या. स्त्रीनें टिटवें धरावें, ही गोष्ट त्या काळीं अश्रुतपूर्व होती. पुढें जोतीरावांच्या अस्थि त्याच घरामागील जागेंत पुरण्यांत आल्या. देह तेथें विसावूं शकला नाहीं. पण त्यांनीं निवडिलेली जागा रिकामी राहिली नाहीं.

आम्हां ख्रिस्ती लोकांत प्रियजनांस मातींत ठेवण्याची चाल असल्यामुळें अशा जागेचें मोल आम्हांस विशेष कळतें. वडील माणसांनीं आपली इच्छा वेळींच सांगावी, व मुलांनीं ती न संकोचतां विचारून, नियम काय आहे तेंही आधींच पाहून ठेवावें. इतकें करूनही ती पूर्णपणें पाळितां न आली, तर जेवढी पाळितां येईल तेवढी पाळावी. पुण्यास जाल तेव्हां, विद्यार्थिमित्रहो, फुलेवाड्यांतील त्या समाधीपुढें क्षणभर अवश्य उभे राहा.