दादोबा पांडुरंग तर्खडकर

'फूल' हा शब्द जें मूल सहज वाचतें, तेंच 'फुलांनीं' हा शब्द आला कीं थबकतें. 'पाणी' ओळखणारें मूल 'पाण्यांत' पाहून गोंधळतें. शब्द ओळखीचाच असतो. पण प्रत्यय लागतांच त्याचें रूप पालटतें. आमच्या अँटॉप हिलच्या वस्तींत कोणाच्या घरीं तमिळ, कोणाच्या घरीं हिंदी किंवा उर्दू बोलतात. तेथील बालकांस तर ही अडचण विशेषच जाणवते. ही गांठ नियमानें सुटते, हें मराठी मुलांस मराठींतच सांगणाऱ्या आद्य ग्रंथकारांत दादोबा पांडुरंग तर्खडकर यांची गणना होते. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

दादोबांचा जन्म इ. स. १८१४ मध्यें मुंबईंत झाला. संस्कृत, फारसी व इंग्रजी या भाषांचा त्यांनीं अभ्यास केला. त्या काळीं व्याकरण म्हणजे संस्कृताचें, अशीच समजूत रूढ होती. मिशनरी विल्यम कॅरे यांनीं १८०५ मध्यें श्रीरामपूर येथें मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें होतें. परंतु तें इंग्रजींत, परकीयांच्या उपयोगासाठीं होतें. १८३६ मध्यें, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षीं, दादोबांनीं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध केलें. पुढें मुलांकरितां त्यांनीं लघुव्याकरणही लिहिलें. लोक त्यांस मराठीचे पाणिनि म्हणूं लागले.

या शास्त्राचा बालकांस उपयोग काय, तें पाहूं. प्रत्यय लागण्यापूर्वीं 'फूल' याचें 'फुला' असें सामान्यरूप होतें व दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. मग त्यास 'स', 'नें', 'चा', 'त' हे प्रत्यय जोडावे. 'मूल–मुलास', 'ऊस–उसास', 'खीर–खिरीस' हीं रूपें याच वाटेनें जातात. संस्कृतांतून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपला दीर्घ स्वर सोडीत नाहींत, म्हणून 'शरीर–शरीरास'. एक नियम हातीं आला कीं शेंकडों शब्द वाचतां व लिहितां येतात. प्रत्येक शब्द घोकण्याचे श्रम वांचतात.

केवळ ग्रंथ लिहून दादोबा थांबले नाहींत. चांगल्या शिक्षकावांचून चांगलें पुस्तकही मुकें राहतें. एल्फिन्स्टन संस्थेंत व सुरतेस त्यांनीं अध्यापन केलें; १८४६ मध्यें मुंबईच्या नॉर्मल स्कुलाची, म्हणजे शिक्षक तयार करणाऱ्या शाळेची, धुरा त्यांजकडे आली. जातिभेद मोडूं पाहणाऱ्या परमहंस सभेच्या स्थापनेंत, १८४९ मध्यें, ते अग्रणी होते. १८५२ मध्यें ते अहमदनगर येथें डेप्युटी कलेक्टर झाले. पुढें सरकारनें त्यांस रावबहादूर ही पदवी दिली. सरकारी कामाच्या व्यापांतही त्यांचा भाषेचा व्यासंग सुटला नाहीं. मोरोपंतांच्या केकावलीवर त्यांनीं 'यशोदा पांडुरंगी' ही टीका लिहिली. १८८२ मध्यें त्यांचें देहावसान झालें.

पालकांस आमची एकच विनंति. मूल वाचतांना अडलें तर त्यास रागावूं नये. शब्दाच्या शेवटचा प्रत्यय बोटानें झांकावा, उरलेलें रूप वाचवून घ्यावें, मूळ शब्द कोणता तें विचारावें, आणि मग बोट काढावें. विद्यार्थीमित्रहो, ज्या भाषेंत आपण खेळतों व शिकतों तिला नियम आहेत आणि ते समजून घेणें हा तिचा मान राखणें आहे, हाच दादोबांच्या चरित्राचा बोध होय.