श्यामामातेचा मूक झालेला गायक

आज घटस्थापना. घरोघरी मातीच्या वेदीवर धान्य पेरले गेले असेल, नंदादीप उजळला असेल, आणि सायंकाळी जगदंबेच्या आरतीचा घोष उठेल. याच दिवसांत बंगालात दुर्गापूजेची धामधूम असते. आणि आपण लक्ष्मीपूजन करतो त्या आश्विन अमावास्येच्या रात्री तेथे कालीमातेची पूजा होते. त्या सुमारास जी श्यामासंगीताची पदे गाइली जातात, त्यांत भक्त रामप्रसादांच्या पदांच्या जोडीने एका मुसलमान कवीची पदे असतात. काझी नझरुल इस्लाम हे त्यांचे नाव. देवीच्या उत्सवात त्यांचे, आणि चौतीस वर्षे त्यांची सोबत न सोडणाऱ्या व्याधीचे, स्मरण करावे असे आम्हांस वाटते.

२४ मे १८९९ रोजी आसनसोलजवळच्या चुरुलिया गावी त्यांचा जन्म झाला. वडील मशिदीचे इमाम. ते १९०८ साली वारले आणि दहाएक वर्षांचा मुलगा मशिदीतील सेवा करून घराला हातभार लावू लागला. पुढे तो 'लेटो' या लोकनाट्याच्या फडात शिरला आणि कुराणाबरोबरच रामायण-महाभारत व पुराणे त्याच्या जिभेवर वसली. १९१७ साली ते सैन्यात गेले, १९२० साली परतले, आणि 'विद्रोही' या कवितेने बंगालभर गाजले. १९२२ च्या दुर्गापूजेच्या हंगामात त्यांनी आपल्या 'धूमकेतू' पत्रात देवीच्या आगमनावर कविता लिहिली. तिच्यात परकीय राजसत्तेस राजद्रोह दिसला आणि कवीस एक वर्षाची सक्तमजुरी झाली. तुरुंगातील जुलमाविरुद्ध त्यांनी सुमारे ३९ दिवस उपोषण केले.

१९२४ साली त्यांनी प्रमिला सेनगुप्त या हिंदू कन्येशी विवाह केला. पहिल्या पुत्राचे नाव ठेवले कृष्ण महंमद. तो तान्हेपणीच गेला. दुसरा लाडका बुलबुल १९३० साली देवीच्या साथीत अंथरुणास खिळला. त्याच्या उशाशी बसून पिता हाफीजच्या रुबायांचे भाषांतर करीत होता. मूल वाचले नाही. त्या दुःखात नझरुल योगसाधनेकडे आणि श्यामामातेच्या पदांकडे वळले. त्याच काळात त्यांनी ईदवर रचलेले व अब्बासुद्दीन यांनी गाइलेले गीत बंगाली मुसलमानांच्या घरोघरी पोहोचले. काहींनी त्यांना काफर म्हटले, काहींनी यवन म्हणून दूर लोटले. त्यांनी ना नमाजाचे गीत सोडले, ना मातेचे.

मग घरात आजार आला तो कायमचा. १९३९ च्या सुमारास प्रमिलादेवींच्या कमरेखालचा भाग लुळा पडला. कवीने औषधोपचार केले, देवधर्म केला, ग्रामोफोनच्या तबकड्यांचे उत्पन्नही गहाण टाकले. पत्नी उठली नाही. आणि १९४२ च्या जुलैत, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तीन हजारांच्या आसपास गीते रचणाऱ्या या पुरुषाची जीभ जड होऊ लागली. पाहता पाहता वाचा गेली, स्मृती गेली. होमिओपथी झाली, वैद्यकी झाली. पुढे रांचीच्या रुग्णालयात ठेवून झाले. चाहत्यांनी वर्गणी जमवून १९५३ साली त्यांना लंडनला व व्हिएन्नास नेले. मेंदूचा काही भाग झिजत जाण्याचा 'पिक' नावाचा हा रोग असून तो बरा होणारा नाही, असे व्हिएन्नात निदान झाले. आजही त्यावर उतारा सापडलेला नाही.

या कथेत चमत्कार नाही, हे आम्ही वाचकांस स्पष्ट सांगतो. ज्या मातेला त्यांनी आळविले तिने वाचा परत दिली नाही, आणि ज्या अल्लाचे स्तवन केले त्यानेही नाही. तथापि एक गोष्ट घडली. प्रमिलादेवी स्वतः अंथरुणावर पडून असत. पण पडल्या पडल्या भाजी चिरीत आणि नवऱ्यास स्वहस्ते घास भरवीत. हे दोन-चार दिवस नव्हे, तर १९६२ साली त्यांचे डोळे मिटेपर्यंत चालले. आपण नऊ दिवस नंदादीप सांभाळतो. त्यांनी वीस वर्षे सांभाळला.

इस्लामी धर्मशास्त्रात आजाऱ्यास रोजाची सूट आहे. उभे राहवत नसेल तर बसून, तेही न जमल्यास निजून नमाज पढता येतो. आणि ज्याची बुद्धीच हरपली त्याच्यावर धर्मकर्तव्याचा भार उरत नाही. आपल्याकडेही आजाऱ्याने उपवास करू नये, असेच वडीलधारी सांगत आले. दोन्हीकडच्या शास्त्यांना माणसाच्या देहाची कीव होती. ज्याला आपली पदे आठवत नाहीत, त्याची भक्ती का पुसली जाते? त्याने विसरलेली पदे इतरांच्या कंठी राहिली, हेच त्याचे उत्तर आम्हांस दिसते.

१९७२ साली नझरुलना सन्मानाने ढाक्यास नेण्यात आले. तेथेच २९ ऑगस्ट १९७६ रोजी ते निवर्तले आणि विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांना मूठमाती देण्यात आली. प्रमिलादेवी चुरुलियाच्या मातीत विसावल्या आहेत. पतिपत्नींच्या समाध्या आज दोन देशांत आहेत.

अनेक घरांत आज कोणी तरी माणूस अंथरुणाला खिळलेले असेल, कोणी नावे विसरले असेल. आरतीचे तबक प्रथम त्याच्या उशाशी न्यावे. तो हात जोडू शकला नाही, तरी त्याच्या वतीने आपण जोडावेत. जगदंबा ते मान्य करील, अशी आमची श्रद्धा आहे.