रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन : पावसानें कोंडलेल्या घरांतील कथा

'ट्रेझर आयलंड' ही चांच्यांची व गुप्त धनाची कथा इंग्रजी शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. धीट जिम हॉकिन्स व एका पायाचा कपटी जॉन सिल्व्हर हे तर वाचकांचे जुने सोबती. परंतु ही कथा पावसानें कोंडलेल्या एका घरांत, परमुलखीं आलेल्या एका मुलाच्या चित्रांवरून सुरू झाली, आणि तिच्या निर्मितींत एका वृद्ध इंजिनियराचाहि हात होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून तिच्या कर्त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचा जन्म स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें ता. १३ नोव्हेंबर १८५० रोजीं झाला. त्याचें घराणें दीपगृहें बांधणाऱ्या इंजिनियरांचें. भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाणाऱ्या बेल रॉक या खडकावर त्याच्या आजोबांच्या देखरेखीखालीं उभारलेलें दीपगृह १८११ सालीं प्रथम उजळलें. वडील थॉमस यांनींहि त्याच व्यवसायांत मोठा लौकिक मिळविला होता. लुई हा त्यांचा एकुलता एक पुत्र. घराण्याचा हा वारसा तो पुढें चालवील, अशी आशा त्यांनीं बाळगली तर त्यांत नवल नाहीं.

परंतु मुलाची प्रकृति लहानपणापासून नाजूक. हिवाळ्याच्या रात्रीं खोकल्यामुळें त्याला झोंप येत नसे. तेव्हां ॲलिसन कनिंगहॅम नांवाची त्याची दाई उशाशीं बसून त्याला गोष्टी वाचून दाखवी. आजाऱ्याच्या खोलींत कोंडून पडलेल्या या बालकाला कल्पनेनें दूरदूर हिंडण्याची संवय लागली ती तेथेंच. दाईचे हे उपकार तो कधींहि विसरला नाहीं; १८८५ सालीं प्रसिद्ध झालेला आपला बालगीतांचा संग्रह त्यानें तिलाच अर्पण केला.

१८६७ सालीं तो इंजिनियर होण्यासाठीं विश्वविद्यालयांत दाखल झाला. बुद्धीची उणीव नव्हती. १८७१ सालीं दीपगृहांतील प्रकाशासंबंधीं एक निबंध वाचून त्यानें रौप्यपदक मिळविलें. पण त्याच वर्षीं, आपणांस इंजिनियर व्हावयाचें नसून लेखक व्हावयाचें आहे, असें त्यानें वडिलांस सांगून टाकिलें. त्या थोर गृहस्थास केवढें दुःख झालें असेल! तडजोड म्हणून मुलानें कायद्याचा अभ्यास केला व १८७५ सालीं सनदहि मिळविली. परंतु वकिलींत त्याचें मन रमलें नाहीं. त्यांतच धर्ममतांवरून पितापुत्रांत तीव्र मतभेद झाले, व घरांतील शांति पार नाहींशी झाली. पुढें १८७९ सालीं तो घरीं न कळवितां अमेरिकेस गेला, तेथें मरणोन्मुख स्थितींतून वांचला, आणि १८८० च्या मे महिन्यांत फॅनी ऑस्बर्न या बाईशीं त्यानें विवाह केला. वडिलांनीं सर्व विसरून त्याला वार्षिक नेमणूक करून दिली व सुनेचें प्रेमानें स्वागत केलें.

फॅनीबाईंना पूर्वविवाहाचा लॉइड नांवाचा मुलगा होता. त्याचा जन्म सान फ्रान्सिस्कोचा. स्कॉटलंड हा त्याला परका देश, आजीआजोबा नवे आणि वडीलहि नवे. १८८१ च्या उन्हाळ्यांत ही सारी मंडळी ब्रेमार या डोंगराळ खेड्यांत भाड्याच्या घरांत राहावयास गेली. लॉइड तेव्हां तेरा वर्षांचा होता. ऑगस्ट महिना, पण गार वारा व पाऊस यांनीं सर्वांस बेजार केलें. स्टीव्हन्सन याच्या फुप्फुसांस ती हवा मुळींच मानवेना. बरोबरीचा सोबती नसलेला मुलगा व घराबाहेर पडण्याची सोय नसलेला बाप असे दोघे एकाच छपराखालीं अडकून पडले.

लॉइडजवळ एका शिलिंगाची रंगपेटी होती. तो चित्रें काढीत बसला म्हणजे स्टीव्हन्सनहि कधीं कधीं त्याच्या शेजारीं बसून रंगवूं लागे. अशाच एके दिवशीं त्यानें एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढिला व त्यास 'ट्रेझर आयलंड' असें नांव दिलें. त्या नकाशाकडे पाहतां पाहतां त्यांतील रानांतून माणसें हालूं लागलीं, आणि थोड्याच दिवसांत कथेस आरंभ झाला. पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणें झालीं. रोज लिहिलेला भाग तो घरांतील मंडळींस वाचून दाखवी.

या श्रोत्यांत सर्वांत अधिक उत्सुक कोण होतें? वृद्ध थॉमस स्टीव्हन्सन! हे करारी गृहस्थ रोज रात्रीं झोंप येईपर्यंत मनांतल्या मनांत जहाजांच्या, खलाशांच्या व दरोडेखोरांच्या गोष्टी रचीत असत. कथेंतील बिली बोन्सची पेटी उघडावयाची वेळ आली, तेव्हां तिच्यांत कोणकोणत्या वस्तु असाव्यात याची यादी त्यांनीं एका जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर बराच वेळ खपून तयार केली. मुलानें ती तशीच कथेंत घातली. ज्या लेखनापायीं मुलगा आपला वारसा सोडून गेला होता, त्याच लेखनांत बाप आतां भागीदार झाला. इतक्या वर्षांच्या वादानें जें साधलें नव्हतें, तें या खेळानें साधलें.

सोळाव्या प्रकरणाशीं लेखणी अडली. हिवाळ्यांत प्रकृतीसाठीं हें कुटुंब स्वित्झर्लंडमधील डाव्होस येथें गेलें, तेव्हां तेथें ती कथा पुरी झाली. १८८३ सालीं ती पुस्तकरूपानें निघाली. मूळ नकाशा प्रकाशकाकडे जातांना हरवला; तेव्हां वडिलांच्या कचेरींत तो पुन्हा काढावा लागला, आणि चांच्यांचा नायक फ्लिंट याची सही वृद्ध थॉमस यांनींच आपल्या हातानें केली. १८८७ सालीं ते निवर्तले.

त्यानंतर स्टीव्हन्सन यानें मायदेश सोडला तो कायमचाच. प्रकृतीसाठीं समुद्रप्रवास करीत तो पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांत पोंचला व १८९० सालीं वाइलिमा येथें जंगल तोडून घर बांधूं लागला. तेथेंहि पाऊस भरपूर. पण आतां परदेशांत घर कसें करावें हें त्या कुटुंबास ठाऊक झालें होतें. तेथील लोक त्याला तुसीताला, म्हणजे कथा सांगणारा, म्हणूं लागले. आणि रंगपेटी घेऊन बसणारा तो लॉइड? तो तर त्याचा सहलेखक झाला. दोघांच्या नांवें तीन कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. ता. ३ डिसेंबर १८९४ रोजीं, वयाच्या अवघ्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, स्टीव्हन्सन याला मृत्यु आला. सामोआच्या लोकांनीं झाडी तोडून वाट केली व आपल्या खांद्यांवरून त्याला वाएआ पर्वताच्या माथ्यावर नेऊन पुरलें.

बालमित्रांनो, घरांत कोंडून पडण्याचे दिवस सर्वांनाच येतात. हातीं कागद व रंग असले तर ते दिवस रिकामे जात नाहींत. आणि पालकहो, आपल्या मुलानें आपला मार्ग सोडला तरी त्याच्या मार्गावर चार पावलें चालून पाहण्यास थॉमस स्टीव्हन्सन यांस उशीर झाला नाहीं, हेंहि आपण ध्यानांत ठेवूं या.